शाळेचा उंबरठा आणि घराचा वारसा

१८७०-७१च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा दारुण पराभव केला. सम्राट तिसरा नेपोलियन सेदानच्या रणभूमीवर शत्रूच्या हाती सापडला, पॅरिसला वेढा पडला आणि आल्सास व लॉरेनचा काही भाग हातातून गेला. या मानहानीची मीमांसा करताना फ्रेंच विचारवंतांची दृष्टी तोफा आणि सेनापती यांच्यापाशी थांबली नाही. प्रशियाची युद्धे तिथला शाळामास्तर जिंकतो, ही उक्ती ऑस्ट्रियाच्या १८६६च्या पराभवानंतर युरोपात रूढ झाली होती. ती आता फ्रान्सलाही पटली. दहा-अकरा वर्षांत, १८८१ आणि १८८२ साली, ज्यूल फेरी यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि चर्चच्या नियंत्रणाबाहेरचे करणारे कायदे संमत करून घेतले. गावोगावी सरकारी शाळा उभ्या राहिल्या. पराभूत राष्ट्राने स्वतःची पुनर्बांधणी वर्गखोलीपासून आरंभली.

शिक्षणाच्या समाजशास्त्राचा उगम या पार्श्वभूमीवर झाला, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. एमिल दुर्खीम हा या शास्त्राचा आद्य आचार्य. १८८७ साली तो बोर्दो विद्यापीठात रुजू झाला, तो भावी शिक्षकांना अध्यापनशास्त्र शिकवण्यासाठी. १९०२ साली सोर्बोनमध्ये गेला, तोही शिक्षणशास्त्राच्याच अध्यासनाशी निगडित होऊन. त्याची या विषयावरील व्याख्याने १९१७ मधील त्याच्या निधनानंतर पुस्तकरूपाने आली. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे : मूल जन्मते ते केवळ जीव म्हणून, त्याला समाजाचा घटक बनवण्याचे काम वडीलधारी पिढी हेतुपूर्वक करते, आणि या कामाचे नाव शिक्षण. म्हणून शिक्षणाचे ध्येय शिक्षकाच्या लहरीने वा पालकाच्या हौसेने ठरत नाही; ज्या समाजात ते मूल उद्या वावरणार, तो समाज ते ठरवतो. स्पार्टाला सैनिक हवा होता, अथेन्सला सुसंस्कृत नागरिक. दोन्हीकडच्या शाळा त्याप्रमाणे वेगळ्या झाल्या. शाळेतील शिस्तीकडेही दुर्खीम याच नजरेने पाहतो. घरातील नियम मायेने वाकतात. वर्गातील नियम सर्वांना सारखाच लागू असतो, आणि तो पाळताना मूल प्रथमच अनुभवते की आपल्या आईवडिलांहून मोठी अशी एक सत्ता आहे, तिचे नाव समाज.

अमेरिकेतील टॅलकॉट पार्सन्स यांनी १९५९ साली हाच धागा पुढे नेला. घरात मूल ‘आमचे’ म्हणून मोलाचे असते, बाहेरच्या जगात त्याचे मोल त्याच्या कर्तृत्वावर ठरते. या दोन जगांमधला पूल म्हणजे शाळेचा वर्ग. पहिलीच्या मुलाला प्रगतिपुस्तक मिळते तेव्हा तो हा पूल ओलांडू लागतो. हे सारे विवेचन ऐकायला गोड आहे आणि बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु यात एक प्रश्न झाकलेला राहतो. शाळा मुलाला समाजाचा घटक बनवते खरे. पण कोणत्या समाजाचा?

फ्रान्सच्या त्याच नव्या शाळांमध्ये ब्रिटनी प्रांतातील मुलाने आपली ब्रेटन बोली उच्चारली, तर त्याच्या गळ्यात लाकडी खूण अडकवून त्याची मानखंडना केली जाई. दुसऱ्या कुणी मुलाने तोच ‘अपराध’ करेपर्यंत ती खूण त्याच्याकडेच राही. दक्षिणेकडील बोलींचीही हीच गत. राष्ट्र एक झाले, हे निर्विवाद; मात्र त्या एकतेची किंमत कोणत्या घरांतील मुलांनी मोजली, हे पाहिल्यावाचून हिशेब पुरा होत नाही. फ्रान्सच्याच नैर्ऋत्य कोपऱ्यातील बेआर्न या डोंगराळ प्रदेशात १९३० साली पिएर बोर्द्यू जन्मला. वडील शेतकरी कुटुंबातून पोस्टाच्या नोकरीत आलेले. भोवतालची भाषा ग्रामीण बोली. हा मुलगा शिष्यवृत्तीच्या बळावर पॅरिसच्या सर्वोच्च विद्यालयापर्यंत पोहोचला आणि तिथे त्याच्या ध्यानात आले की, श्रीमंत घरांतील मुलांना जे जन्मतःच येत होते, ते त्याला घोकून मिळवावे लागले होते.

बोर्द्यूने ज्याँ-क्लोद पास्सरोंसह १९६४ आणि १९७० साली दोन ग्रंथ लिहिले. पहिल्याचे नावच ‘वारसदार’ अशा अर्थाचे. त्यातून पुढे आलेली ‘सांस्कृतिक भांडवला’ची कल्पना आता जगभर प्रसिद्ध आहे. पैसा आणि जमीन यांचा वारसा उघड असतो, तो सातबाऱ्यावर दिसतो. भाषा, उच्चार, पुस्तकांची सवय, मोठ्यांशी बोलण्यातील सहजता यांचा वारसा मात्र दिसत नाही. शाळा तो वारसा मुलाला देत नाही. पण परीक्षा त्याचीच घेते. परीक्षेत तो दिसला की त्याला ‘बुद्धिमत्ता’ असे नाव देते.

परवचा आणि ‘पानी’

हा सिद्धान्त समजून घेण्यास फ्रान्सला जाण्याची गरज नाही. मराठी मध्यमवर्गीय घरातील सायंकाळ पुरेशी आहे. दिवेलागणीला ‘शुभं करोति’, मग पाढे, मग रामरक्षा किंवा मनाचे श्लोक. पाच वर्षांच्या मुलाला त्यातील अर्थ फारसा उमगत नाही, आणि उमगावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. तरीही काही घडत असते. जोडाक्षरे जिभेवर रुळतात. ण आणि न, श आणि ष यांतील भेद कानांना परिचित होतो. ऐकलेले लक्षात ठेवून क्रमाने म्हणण्याची सवय लागते. घरात वर्तमानपत्र येते, दिवाळी अंक येतो, आजोबा शब्दकोडे सोडवत बसलेले असतात. ‘असे का?’ या प्रश्नाला वाक्यात उत्तर देण्याची रीत त्या घरात असते. जूनमध्ये हे मूल पहिलीच्या वर्गात जाऊन बसते तेव्हा ते शाळेत नव्याने आलेले नसतेच. त्याची शाळा दोन-तीन वर्षे आधीच सुरू झालेली असते. बाई त्याला ‘हुशार’ म्हणतात.

शेजारच्या बाकावरचे मूल ‘पानी’ म्हणते, ‘लोनी’ म्हणते, ‘आनि’ म्हणते. त्याच्या घरी आणि गावी सगळेच तसे म्हणतात. त्यात अशुद्ध काही आहे, हे त्याला शाळेतच कळते. पहिल्यांदा वर्ग हसतो. दुसऱ्यांदा ते मूल सावध होते. तिसऱ्यांदा उत्तर ठाऊक असूनही ते हात वर करत नाही. नंदुरबारच्या सातपुड्यातील भिल्ल वा पावरा मुलाची अडचण याहून मोठी; त्याच्या घरची भाषा प्रमाण मराठीपासून इतकी दूर असते की पहिलीचे क्रमिक पुस्तक त्याच्या लेखी जवळजवळ परभाषेतले असते. त्या मुलाला रानातील झाडे, पाखरे, पाऊलखुणा यांचे जे ज्ञान असते, त्यावर प्रश्नपत्रिकेत एकही गुण नसतो. लंडनमध्ये बेसिल बर्नस्टाईन यांनी कामगारांच्या आणि मध्यमवर्गाच्या मुलांच्या भाषिक वळणांतील फरक अभ्यासला, तो याच जातीचा. एका घरात बोलणे प्रसंगाशी बांधलेले असते, ऐकणाऱ्याला बरेच ठाऊक आहे असे धरून चालते. दुसऱ्या घरात सारे उलगडून सांगण्याची रीत असते. शाळेला दुसरी रीत हवी असते. पहिल्या घरातील मूल मंद असते असा याचा अर्थ नव्हे, बर्नस्टाईन यांनाही तो अभिप्रेत नव्हता. पण वाचणाऱ्यांनी पुष्कळदा तो तसा काढला.

इथे एक गैरसमज दूर ठेवला पाहिजे. परवचा म्हणणाऱ्या घराने काही अन्याय केला, असा याचा अर्थ नाही. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ती ठेव आहे आणि ती जपणाऱ्यांनी लाजण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, जे वारशाने मिळाले ते निव्वळ स्वतःच्या गुणाने मिळाले, असे मानण्याची जी सवय जडते, ती कितपत रास्त आहे? दहावीच्या निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रांत झळकणाऱ्या गुणांत मुलाचे कष्ट किती, आईच्या दुपारी किती आणि आजीच्या रामरक्षेचा भाग किती, याची विभागणी कोणतेही परीक्षा मंडळ करत नाही. ‘गुणवत्ता’ हा शब्द आरक्षणाच्या वादात ज्या तावातावाने वापरला जातो, तो वापरण्यापूर्वी हा हिशेब मनाशी मांडून पाहायला हरकत नाही. ‘मेरिटोक्रसी’ हा शब्द ज्या पुस्तकामुळे रूढ झाला, ते मायकेल यंग यांचे १९५८चे पुस्तक हा उपहास होता, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

घराचे पारडे किती जड, याचे मोजमाप अमेरिकेत झाले. १९६४च्या नागरी हक्क कायद्यानुसार जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाकडे एक पाहणी सोपवण्यात आली. सुमारे चार हजार शाळा आणि सहा लाखांच्या आसपास विद्यार्थी तिच्या कक्षेत आले. अपेक्षा अशी होती की, कृष्णवर्णीयांच्या शाळांत ग्रंथालये, प्रयोगशाळा, पैसा कमी, म्हणून तेथील मुले मागे, असे सिद्ध होईल. १९६६ साली आलेल्या अहवालाने सर्वांनाच कोड्यात टाकले. मुलांच्या यशातील फरकांचा उलगडा शाळेच्या इमारतीने आणि खर्चाने फार थोडा होत होता, घरच्या पार्श्वभूमीने पुष्कळ अधिक; आणि शाळेतील घटकांमध्ये सर्वांत प्रभावी ठरले ते शेजारी बसणारे सहाध्यायी. ते कोणत्या घरांतून आले आहेत, यावर गरीब मुलाची प्रगती अवलंबून होती.

मार्क्सवादी अभ्यासक याहून पुढे गेले. बोल्स आणि गिंटिस यांनी १९७६ साली असे मांडले की, शाळेची घंटा, रांग, हजेरी ही सारी कारखान्यातील मजुरीची पूर्वतयारी होय; भांडवलशाहीला आज्ञाधारक कामगार हवेत, म्हणून शाळा तसे घडवते. यात तथ्यांश आहे, पण तो सिद्धान्त सिद्ध करण्याच्या घाईत ताणला गेला आहे. घंटा आणि रांग सोव्हिएत शाळेतही होती. जिथे भांडवलदार औषधालाही उरला नव्हता तिथेही मुले हजेरी देत होती. शिवाय, शाळा ही केवळ वरच्यांच्या सोयीसाठी असती, तर वरच्यांनी तिची दारे इतकी वर्षे आणि इतक्या निकराने बंद का ठेवली असती, या प्रश्नाला त्या सिद्धान्तात उत्तर नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात आहे.

कोल्हापूर ते सातारा

इंग्रजी अमलापूर्वी आपल्याकडे शिक्षणच नव्हते, ही समजूत धरमपाल यांनी १९८३ साली कागदपत्रांनिशी खोडून काढली. मद्रास इलाख्यात थॉमस मन्रो यांनी १८२२ साली करवून घेतलेल्या पाहणीत गावोगावच्या शाळा आढळल्या, आणि तमिळ जिल्ह्यांत त्यांतील बहुसंख्य मुले ब्राह्मणेतर होती. याचा अभिमान जरूर असावा. पण कागद अर्धाच वाचू नये. त्याच पाहणीच्या आधारे १८२६ साली मन्रो यांनी काढलेला अंदाज असा की, शाळेच्या वयाच्या मुलांपैकी शाळेत जाणारे सुमारे चौथा हिस्सा, आणि घरी शिकणारे धरले तर जेमतेम एक तृतीयांश. मुली नगण्य. ज्यांना गावकुसाबाहेर राहावे लागे त्यांच्यासाठी दार जवळपास मिटलेलेच.

इंग्रजांनी हे दार उघडण्याऐवजी ‘झिरपा सिद्धान्त’ आणला : वरच्या थराला शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात या सिद्धान्ताचा समाचार घेतला. सरकारचा महसूल येतो तो कुणब्याच्या घामातून आणि खर्च होतो तो वरिष्ठांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुद्दा निखळ समाजशास्त्रीय आहे; आणि तो बोर्द्यूच्या ऐंशी वर्षे आधीचा आहे. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. दुसऱ्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. बडोद्यात सयाजीरावांनी मात्र १८९३ पासून अमरेली भागात प्रयोग करून १९०६ साली साऱ्या संस्थानात सक्ती लागू केली होती, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली तसाच हुकूम काढला.

शाहू महाराजांना एक गोष्ट उमगली होती की, शाळा उघडून भागत नाही. खेड्यातील मुलाला शहरात राहायचे कुठे, हा खरा प्रश्न आहे. म्हणून १९०१ पासून त्यांनी वसतिगृहांना आश्रय दिला. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. ही वसतिगृहे जातवार होती. आजच्या दृष्टीला ते खटकते. पण ज्या जातींत शिकलेली दोन-चार माणसे होती, त्यांच्याकडून पैसा आणि आपुलकी उभी करायची तर त्या काळी जात हाच हाताशी असलेला धागा होता. महाराजांनी जातीचा शिडीसारखा वापर केला. शिडी घरात कायमची उभी ठेवायची नसते, हे पुढच्या पिढीला कळले.

त्या पिढीतील अग्रणी म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. ते स्वतः कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहून शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यावरून वसतिगृहात संघर्ष झाला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. इथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व मुले एका पंगतीत जेवत, आळीपाळीने स्वयंपाक करत, भांडी घासत, शेतात राबत. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने विकायला दिले आणि अखेर मंगळसूत्रही. ही कथा महाराष्ट्रात पुष्कळदा सांगितली जाते, ती त्यागाची म्हणून. तिच्यात आणखी एक अर्थ आहे. त्या वसतिगृहातील मुले लक्ष्मीबाईंना आईच्या ठायी मानत, कारण ते वसतिगृह नव्हते, घर होते.

कोलमन यांच्या आकड्यांनी १९६६ साली सांगितले की, शाळेपेक्षा घर भारी. भाऊरावांना ते चाळीस वर्षे आधी माहीत होते, आणि त्यांनी त्यावर तोड काढली होती. ज्या मुलाच्या घरात पुस्तक नाही, दिवा नाही, अभ्यासाला जागा नाही, त्याला शाळेनेच घर द्यायचे. पहाटे उठण्याची वेळ, एकत्र वाचन, थोरल्या मुलाने धाकट्याला शिकवणे, हाताने काम केल्याचा अभिमान, हे सारे भांडवल तिथे तयार होत होते. आणि ते एका जातीचे नव्हते. शेजारी बसणारा सहाध्यायी महत्त्वाचा, हेही कोलमन यांचे निरीक्षण. सातारच्या पंगतीत तो शेजारी ठरवूनच निराळ्या घरचा होता. पुढे १९३५ साली संस्थेने शिक्षकांसाठी प्रशिक्षण विद्यालय काढले. त्यातून खेड्यांत गेलेले अनेक शिक्षक खेड्यातूनच आलेले होते. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला हसण्याचा प्रश्न त्यांच्या वर्गात उद्भवत नव्हता.

हे सर्व मान्य करूनही स्वातंत्र्योत्तर काळाचे चित्र संमिश्र आहे. १९५१ साली देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, २०११च्या जनगणनेत ती ७४ टक्क्यांवर गेली. ही झेप लहान नाही. परंतु दार उघडले म्हणून आतील दालने सारखी झाली, असे नाही. सुमा चिटणीस यांनी १९७०च्या दशकात मुंबईच्या महाविद्यालयांचा अभ्यास करून दाखवले की, अनुसूचित जातींचे विद्यार्थी थोड्याच आणि कमी प्रतिष्ठेच्या महाविद्यालयांत एकवटले आहेत. प्रवेश मिळाला, पण वेगळ्या दालनात.

मध्यमवर्गाचे निघून जाणे

आज ही दालने महाविद्यालयात नव्हे, बालवर्गातच वेगळी होतात. दोन पिढ्यांपूर्वी पुणे, नाशिक, सोलापूर अशा शहरांत वकिलाचा मुलगा आणि त्याच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईंचा मुलगा पुष्कळदा एकाच नगरपालिका शाळेत असत. आता नसतात. अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० साली एक साधी पण मार्मिक गोष्ट मांडली. एखादी संस्था बिघडू लागली की सदस्यांपुढे दोन वाटा असतात : तक्रार करणे किंवा निघून जाणे. सार्वजनिक शाळा बिघडू लागली की तिच्या दर्जाविषयी सर्वांत जागरूक असलेले पालक सर्वप्रथम बाहेर पडतात. आणि नेमका त्यांचाच आवाज शाळा सुधारू शकला असता. मागे उरतात ते ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, ज्यांची तक्रार शिक्षणाधिकारी ऐकत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत गळते तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी दूरध्वनी करणारा माणूस आता गावातील त्या शाळेचा पालक नसतो. महाराष्ट्रातील मराठी शाळांच्या घसरणीविषयी व्याख्याने पुष्कळ होतात, परिसंवादही होतात. वक्त्यांची नातवंडे कोठे शिकतात, हा प्रश्न सौजन्यापोटी विचारला जात नाही.

२००९ साली संमत झालेल्या आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने यावर एक उपाय सुचवला. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांना द्याव्यात. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, ज्यांच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा आहे अशा खासगी शाळांना यातून वगळले. मुंबई उच्च न्यायालयाने त्या बदलास मे महिन्यात स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो रद्द ठरवला. शुल्काचा परतावा शासनाकडून वेळेवर मिळत नाही, ही शाळाचालकांची तक्रार खोटी नाही. पण पालकांच्या बैठकांत दबक्या आवाजात बोलले जाते ते निराळेच. ‘त्या’ मुलांमुळे आमच्या मुलांची भाषा बिघडेल, अभ्यास मागे पडेल, सवयी बिघडतील.

या भीतीची तपासणी झालेली आहे. दिल्लीतील उच्चभ्रू खासगी शाळांना २००७ पासून गरीब विद्यार्थ्यांना प्रवेश देणे भाग पडले. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्या शाळांतील श्रीमंत मुलांची पाहणी केली. निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. गणितात आणि हिंदीत श्रीमंत मुलांचे काही बिघडले नाही. इंग्रजीत किंचित घसरण दिसली. मात्र ही मुले अधिक उदार झाली होती, आणि समोर अनोळखी गरीब मूल आले तरी त्याला कमी लेखण्याची वृत्ती त्यांच्यात कमी होती. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगितले, तेव्हा गरीब मुलांबरोबर शिकलेल्यांनी वेगवान पण गरीब धावपटूला डावलण्याचे प्रमाण कमी होते. शर्यतीनंतर त्या जोडीदाराबरोबर दोन तास घालवायचे आहेत, हे माहीत असूनही.

या पाहणीतील एक तपशील विशेष लक्षणीय आहे. काही शाळांत अभ्यासगट आद्याक्षरानुसार पाडले जात. त्यामुळे कोणत्या श्रीमंत मुलाच्या गटात गरीब मूल येणार, हे पालकांनी ठरवले नव्हते, मुख्याध्यापकांनी ठरवले नव्हते. हजेरीपटावरील नावांच्या क्रमाने ठरले होते. एका वर्गात केवळ असणाऱ्यांपेक्षा, एका गटात बसून वही दाखवणाऱ्या, पेन्सिल उसनी घेणाऱ्या मुलांमध्ये बदल पुष्कळ अधिक दिसला.